एक पॉइंट चारचं पाणी

सहादेव गर्जे यांनी आयुष्यात एकही टाकी बांधलेली नाही. टाक्या फैयाजशेठच्या वर्कशॉपमधले फिटर आणि वेल्डर बांधतात. गर्जे फक्त कागदावर लिहून देतात की पत्रा किती जाड घ्यायचा, आणि तेवढा जाड पत्रा का घेता येणार नाही याची कारणं उरलेला दिवस ऐकून घेतात. एकतीस वर्षं हाच व्यवसाय.

माणूस मूळचा पाथर्डी तालुक्यातला. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. पोरगं आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात बसलं, कारण वेल्डरच्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या. तिथून नगरच्या एमआयडीसीत चिकटलं ते कायमचं. गर्जे इंजिनिअर नाहीत. पण जिल्ह्यातल्या बऱ्याच इंजिनिअरांना "हे कुठल्या कोडमध्ये बसवायचं?" असा प्रश्न पडला की ते गर्जेमामांना फोन लावतात, उत्तर लिहून घेतात आणि खाली स्वतःची सही ठोकतात. मामांची त्याबद्दल तक्रार नाही. सही करणाराच पुढे कोर्टात जातो, असं त्यांचं निरीक्षण आहे.

कोड म्हणजे पुस्तक. पोलादी टाकी कशी आखायची, कशी जोडायची, कशी तपासायची, हे सांगणारं. गर्जेंच्या खुर्चीमागे एक कपाट आहे आणि त्यात ही पुस्तकं शाळेतल्यासारखी खाकी कव्हरं घालून उभी आहेत. भारतीय पुस्तक आठशे तीन, जमिनीवर उभ्या गोल टाक्यांचं, बोलायला मोजकं. अमेरिकन साडेसहाशे, काम तेच, पण जाडी चौपट. त्याच घरातलं सहाशे वीस, आत थोडा दाब असेल तर. दाब त्याहून वाढला की टाकी टाकी राहत नाही, तिचं गोत्रच बदलतं, आणि पुस्तकही खालच्या कप्प्यातलं काढावं लागतं.

या कपाटाआधी वर्कशॉपमध्ये एकच कोड होता, तो म्हणजे फैयाजशेठचे वडील नूरमहंमद यांचा उजवा अंगठा. नूरमहंमद धान्याच्या कोठ्या बनवायचे. अंगठ्याने पत्रा दाबायचे, कान लावायचे आणि "बस है" म्हणायचे. त्यांच्या कोठ्या नेवाशाच्या बाजूला अजून उभ्या आहेत, हे फैयाजशेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. गर्जे ते नाकारत नाहीत. फक्त पुस्ती जोडतात, "ज्या पडल्या त्या आता दिसत न्हाईत, एवढंच."

गिऱ्हाईक कोड कसा निवडतं, हा मामांचा करमणुकीचा विषय. संगमनेरच्या बाजूचा एक दूधवाला आला. म्हणाला, टाकी अमेरिकन कोडची पाहिजे.

"का बरं?"

"पोरगं टेक्सासला हाय."

"टाकी कुठं हाय?"

"आमच्या डेअरीमागं."

"आत काय भरनार?"

"क्यान धुतलेलं पानी."

"मग पोराला फोन करून इचारा, तिकडं क्यान कशात धुत्यात."

दुसरा एक जण गोबर गॅसवाला. त्याला तेलाच्या टाकीचा कोड हवा होता, कारण तो शेजाऱ्याने लावला होता. शेजाऱ्याकडे तेल होतं, याच्याकडे दाबातला गॅस. मामांनी त्याला चहा पाजला, कपाटाचा खालचा कप्पा उघडून दाखवला आणि म्हणाले, "शेजाऱ्याचं औषध घेऊ नये. त्याला काय झालंय, तुमाला काय झालंय!"

त्यांचे प्रश्न चारच. आत काय भरणार? ते पाण्याच्या किती पट जड? गरम किती? वर दाब आहे का? "ह्या चारांची उत्तरं द्या, पुस्तक आपोआप कपाटातून खाली येतंय," असं ते म्हणतात. पुस्तक आपोआप येत नाही, मामांनाच गुडघा धरून उठावं लागतं. पण तत्त्व बरोबर आहे.

परवाच्या पावसाळ्यात शिवधारा सहकारी साखर कारखान्याची ऑर्डर आली, तेव्हा पहिल्याच प्रश्नाला घोळ झाला.

हा कारखाना नेवासा आणि शेवगावच्या मधल्या पट्ट्यात. ऑर्डरवर लिहिलं होतं: पाणी साठवण टाकी, पोलादी, व्यास वीस मीटर, उंची दहा मीटर, नग एक. सोबत जागेचा नकाशा. मामांनी नकाशा पाहिला. टाकीकडे येणारा पाईप मळीच्या पंपाकडून येत होता. टाकीकडून जाणारा पाईप टँकर भरायच्या स्टँडकडे, जिथे फक्त मळीचे टँकर लागतात. टाकीच्या आसपास पाण्याचा एकही नळ नव्हता.

"फैयाजशेठ," मामा म्हणाले, "ह्या टाकीत पानी कुठून येनार?"

फैयाजशेठनी काचेचं दार लोटून घेतलं. "मामा, पानी ठरावातून येनार."

मग त्यांनी हकिकत सांगितली. साखर काढून झाल्यावर उरणारा जो काळा दाट पाक, ती मळी. ती साठवायला कारखान्याला एक जादा टाकी हवी होती. चेअरमन अमृतआबांनी सलग तीन वर्षं सर्वसाधारण सभेत मळीच्या टाकीचा ठराव मांडला. तीनही वर्षं विरोधी संचालक गोरक्षनाथ उठले आणि मळी कोणाला विकली जाते, कोणाचा मेहुणा ती उचलतो, यावर तासभर बोलले. तीनही वर्षं सभा चहावर संपली. चौथ्या वर्षी आबांनी विषयपत्रिकेत एक शब्द बदलला आणि मळीच्या जागी पाणी घातलं.

आता या मुलखात पाण्याच्या विरोधात हात वर करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. गोरक्षनाथांना सगळं कळत होतं, पण समोर सभासद बसलेले. तेच उठले आणि ठरावाला अनुमोदन देऊन बसले. टाकी मळीची आहे हे व्यासपीठावर ठाऊक होतं, सतरंजीवर ठाऊक होतं आणि चहा वाटणाऱ्यालाही ठाऊक होतं. कागदाला तेवढं कोणी सांगितलं नाही.

"त्यामुळं मामा, तुमी पान्याचं डिझाईन करा. कागदावर पानी हाय."

"आन पोटात मळी."

"पोटात काय जातं ते गेल्यावर बघू. आपलं काम टाकी देनं."

"शेठ, मळी पान्याच्या चाळीस टक्के जड हाय. एक पॉइंट चार. पान्याला खालचा पत्रा आठ एमएमचा पुरतो, मळीला बारा लागतो. आठच्या पत्र्यात दहा मीटर मळी भरली तर..."

"फुटंल?"

"यंदा न्हाई फुटायची. पुढल्या सालीबी न्हाई. हळूहळू गंज चढंल, पत्रा आठाचा सात हुईल, सहा हुईल. मग एका दिवशी फुटंल. कोनत्या, ते पुस्तकात न्हाई."

"मग बाराचा पत्रा लावा की! कोन अडवतंय?"

अडवलं. बारा एमएमचा प्रस्ताव गेला आणि आठवड्याने कारखान्याच्या अंतर्गत तपासणी विभागाचा कागद आला: 'पाण्याच्या टाकीस बारा एमएम जाडीचा पत्रा कोणत्या कारणास्तव प्रस्तावित केला आहे, याचा लेखी खुलासा करावा.' कारण एकच होतं आणि ते लेखी करता येत नव्हतं. फैयाजशेठनी खुलाशात 'मजबुतीसाठी' असं लिहून पाठवलं. उलट कागद आला: 'पाण्यासाठी आठ एमएम मजबूत आहे असे आपल्याच गणितात नमूद आहे.' हे खरंच नमूद होतं. मामांचं गणित होतं, त्यात चूक कशी निघणार.

मामा जागा बघायला एसटीने गेले. कारखाना बंद होता, हंगामाला अवकाश होता. टाकीची जागा आखलेली होती. तिथून वीस-पंचवीस पावलांवर गाडीतळ, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या सुटतात ते मैदान. जमिनीत मागच्या वर्षीच्या चुलींचे काळे गोल तसेच होते. मामांनी त्यातला कडेचा एक गोल बराच वेळ पाहिला. दिवाळी झाली की त्यांच्या गावच्या टोळ्या इथे येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या घालतात आणि पाच महिने राहतात. कडेची कोपी त्यांची चुलतबहीण दगडाबाई हिची. कडेची जागा तिने अकरा वर्षं भांडून राखलेली आहे, कारण तिथे सकाळी ऊन लवकर येतं. आता तिथे सकाळी टाकीची सावली येणार होती. सावलीचं काही नाही. सावलीमागे साडेचार हजार टन मळी असणार होती.

बरोबर आलेला कारखान्याचा पंप ऑपरेटर छगन म्हणाला, "मामा, जागा चुकली का?"

"जागा बरोबर हाय. मान्सं चुकीच्या जागी हायेत."

"मान्सं हलवायची का मग?"

"दगडीला हलवून बघ तू," मामा म्हणाले. "मी पन्नास वर्षं बघतोय."

परत आल्यावर दोन दिवस मामा पुस्तकांत डोकं घालून बसले. टेबलावर तीन पुस्तकं उघडी. फैयाजशेठ काचेतून बघायचे आणि माघारी जायचे. भारतीय पुस्तक लावलं तरी टाकी पातळ, अमेरिकन लावलं तरी पातळच, कारण दोन्ही पुस्तकं प्रामाणिक होती. आत पाणी आहे म्हणून सांगितलं तर पाण्याचंच उत्तर देत होती. वर्कशॉपमधल्या पोरांनी पैजा लावल्या होत्या, मामा आठशे तीन लावणार की साडेसहाशे. मामांना एव्हाना कळलं होतं की पैज भलत्याच घोड्यांवर लागली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फैयाजशेठच्या केबिनमध्ये गेले.

"शेठ, आपन पान्याचीच टाकी देऊ. आठचा पत्रा. आठशे तीन परमानं. ठरावाला धक्का न्हाई."

फैयाजशेठ खूश व्हायच्या बेतात होते. पण मामांच्या हातात ड्रॉइंग होतं, आणि ड्रॉइंगवर सात मीटर उंचीला टाकीच्या कुशीतून एक पाईप बाहेर काढून खाली एका खड्ड्यापर्यंत आणलेला होता.

"ह्ये काय?"

"ओव्हरफ्लो. परतेक टाकीला असतोय."

"तो वर असतो ना, कडेला? सातला कशाला?"

"दहा मीटर पान्याचा जेवढा जोर, तेवढा सात मीटर मळीचा. सातला पाईप ठेवला की मळी सातच्या वर जात न्हाई. पत्र्याला वाटतंय, आत पानीच हाय."

फैयाजशेठ विचारात पडले. "मग टाकी दहाची कशाला बनवायची? सातचीच बनवू."

"ठरावात दहा हाय."

"वरचे तीन मीटर?"

"ते ठरावाचे."

ड्रॉइंग मंजुरीसाठी पुण्याच्या सल्लागार कंपनीकडे गेलं. तिथल्या इंजिनिअर राजनंदिनी मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. वय तिशीच्या आत, बोलणं भराभर. आधी वेल्डिंगवर तीन शंका काढल्या, जिन्यावर एक. मग गप्प झाल्या. मामांना वाटलं, नेट गेलं.

"गर्जेसर, ओव्हरफ्लो सातवर आहे."

"व्हय, मॅडम."

"पाण्याच्या टाकीला?"

"व्हय."

"दहा भागिले एक पॉइंट चार," मॅडम स्वतःशी म्हणाल्या. "सात पॉइंट एक चार."

मामांनी पेन उघडलं.

"हा आकडा ड्रॉइंगवर ठळक करा सर. 'जास्तीत जास्त भरण पातळी' असं लिहा, आणि टाकीच्या पाटीवरही कोरा. बाकी माझी कॉमेंट नाही."

संध्याकाळी शिक्का मारलेलं ड्रॉइंग आलं. मामा त्या दिवशी फैयाजशेठना म्हणाले, "पोरगी हुशार हाय. नगरची असती तर बिघडली असती."

दसऱ्याच्या आत टाकी उभी राहिली. तपासणीसाठी ओव्हरफ्लोच्या तोंडावर तात्पुरती ताटली बोल्टने आवळली आणि टाकी काठोकाठ पाण्याने भरली. टाकी पाण्याने भरून बघणं हा तपासणीचा नियम आहे. पण एवढं पाणी एका जागी आहे असं कळल्यावर अमृतआबांनी जलपूजन ठेवलं. मंडप आला. आबांनी जिन्यावरून चढून वरून नारळ सोडला आणि साडी सोडली. साडी दोन दिवस तरंगत राहिली. भाषणात आबा म्हणाले, "हे पाणी आपल्या हक्काचं आहे." मागून कोणीतरी विचारलं, गावाला कधी सुटणार? यावर आबांनी सत्काराचा कार्यक्रम पुढे घेतला. टाकीतून एक थेंब गळला नाही. सगळे म्हणाले, टाकी पास झाली. गर्जेमामा मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. टाकी पाण्यात पास झाली होती. मळीचा पेपर तिने दिलाच नव्हता. पुढे पाणी शेतांना सोडलं, साडी काढली आणि मामांनी स्वतः उभं राहून ओव्हरफ्लोवरची ताटली सोडवून घेतली.

हंगाम सुरू झाला. जानेवारीत एका दुपारी छगनचा फोन आला.

"मामा, टाकी गळतीय!"

"कुठून?"

"त्या बाजूच्या पायपातून. खड्डा भरला, आता मळी रस्त्यावर आलीय. एक बैल चाटून ऱ्हायलाय, हलायला तयार न्हाई."

"पंप बंद कर."

"आबा म्हनत्यात, वर तीन मीटर जागा हाय, भर. पायपात बोळा घाल म्हनत्यात."

"बोळा घालू नगं. मी येतो."

अमृतआबांची केबिन थंड होती आणि आबा गरम होते. कोपऱ्यात त्यांचा क्लार्क वही घेऊन उभा होता.

"गर्जे, टाकी दहा मीटर आहे का सात?"

"दहा, साहेब. टेप लावून बघा."

"मग सातलाच ओकती कशी?"

"पान्याची सोय तिथवरच ठिवलीया."

"पाणी कुठंय तिच्यात!" आबा ओरडले, आणि ओरडून झाल्यावर दाराकडे बघितलं. क्लार्क वहीत बघू लागला.

"मग काय हाय, साहेब?" मामांनी अत्यंत नम्रपणे विचारलं.

आबांनी आवाज खाली घेतला. "हे बघा, शहाणपणा बास. तो पाईप बुजवा. एक ताटली वेल्ड करायला काय लागतंय?"

"धा मिनिटं. फकस्त एक वळ लिहून द्या. टाकीत मळी भरायची हाय, दहा मीटरपत्तुर. ती वळ मी कोडमदी घालतो, कोड काय म्हनतो ते खाली लिहितो."

"काय म्हणंल कोड?"

"न्हाई म्हनंल."

"मग पत्र कशाला पाहिजे?"

"न्हाई म्हनला तो कुनाला म्हनला, ह्ये कागदावर पाहिजे."

"आणि आम्ही आमच्याच वेल्डरकडून बुजवला तर? तुम्ही कोण विचारणार?"

"बुजवा की. कारखाना तुमचा." मामांनी पिशवीतून ड्रॉइंग काढून टेबलावर पसरलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलांची नोंद करायचा एक चौकोन असतो. त्यात मामांनी आधीच लिहून आणलं होतं: 'बदल एक. सात मीटरवरील ओव्हरफ्लो रद्द. कारण:' आणि पुढे रिकामं. 'मंजुरी:' आणि पुढे रिकामं. "हितं कारन, हितं सही. पेन देऊ का?"

आबांनी पेन घेतलं नाही. क्लार्कला म्हणाले, "लिहा. सदर टाकीत कारखान्याचे..." थांबले. "कारखान्याचे घट्ट पाणी..."

"घट्ट नको साहेब," क्लार्क म्हणाला, "प्रक्रियायुक्त लिहू?"

"प्रक्रियायुक्त पाणी दहा मीटरपर्यंत भरण्यास..."

"किती पट जड, तेबी लिहा," मामा म्हणाले. "कोड ते पहिलं इचारतो."

"एक पॉइंट चार," क्लार्कने लिहिलं.

"एक पॉइंट चारचं पानी जगात न्हाई, साहेब. मृत समुद्राचंबी सव्वाच्या आत येतंय. तिथं मान्सं तरंगत पेपर वाचत्यात. ह्या पान्यावर बैलगाडी तरंगंल."

क्लार्क हसला आणि लगेच खोकला.

आबांनी गोरक्षनाथांना बोलावून घेतलं. ते शेजारच्या खोलीत संचालकांचा चहा पीत होते. आले, खुर्ची ओढली, ड्रॉइंग बघितलं, चौकोन बघितला.

"गोरक्षनाथ, तुम्ही अनुमोदक आहात," आबा म्हणाले. "दोघं मिळून सही करू. विषय संपवू."

"मी पाण्याला अनुमोदन दिलंय, आबा. इतिवृत्त काढा. मळीचा म उच्चारला असेल तर मिशी उतरवतो."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं होय?"

"माहीत असणं वेगळं आणि अनुमोदन वेगळं. हे तुम्हीच शिकवलं." मग ते मामांकडे वळले. "गर्जे, खरं सांगा, बुजवला तर फुटंल?"

"आज न्हाई."

"कधी मग?"

"दोन साल, चार साल. गंज कसा चढतोय त्यावर. पन फुटली म्हंजी हळू न्हाई फुटत. बुडापासून उलगडती, पंचवीस पावलांवर गाडीतळ हाय. दीडशे कोप्या. मळीत मानूस पवत न्हाई, साहेब. निघत न्हाई."

दीडशे कोप्यांचा आबांवर परिणाम झाला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. झाला. पण ते पुढे जे बोलले ते वेगळंच होतं.

"निवडणूक कधी आहे आपली?"

"दोन वर्षांनी," गोरक्षनाथ म्हणाले. आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन वर्षांनी त्या खुर्चीत कोण बसलेलं असेल हे दोघांनाही सांगता येत नव्हतं. टाकी नेमकी कोणाच्या कारकिर्दीत उलगडायची, हेही पुस्तकात नव्हतं. दहा वर्षांत पहिल्यांदा दोन गटांचं खरंखुरं एकमत झालं. ते कोणत्याही इतिवृत्तात नाही.

"सात तर सात," आबा म्हणाले. "टँकर वाढवा, मळी उचलायला लावा. आणि गर्जे, तुमच्या शेठला सांगा, या कारखान्यात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

"सांगतो, साहेब."

मामांनी ड्रॉइंगची घडी केली. चौकोन रिकामाच राहिला. बाहेर पडताना त्यांनी छगनला गाठलं आणि ओव्हरफ्लोच्या तोंडावर बोळा, पोतं, ताटली काही दिसलं तर आधी आपल्याला फोन करायचा, असं तीन वेळा बजावलं. छगन म्हणाला, "मामा, म्या घातलेला बोळा म्याच काढला मघाशी. बैलाला लागत हुता."

दिवस कलला होता. गाड्या उसाच्या फडातून परतत होत्या. मामा गाडीतळावर गेले. कडेच्या कोपीपुढे दगडाबाई चूल पेटवत होती. वयाची साठी, कपाळावर पाचटाचे ओरखडे. मामांना बघून तिने पाट सरकवला नाही, कारण पाट नव्हता. पोतं सरकवलं.

"आलास व्हय रे? टाकीवाल्या?"

"आलो."

"तुझी टाकी माझं ऊन खाती. नऊ वाजत्यात अंगावर यायला."

"कोपी तिकडं घाल, त्या बाभळीपल्याड."

"मी का हलू? मी आधी आलीया का टाकी?"

मामा पोत्यावर बसले. तिने चहाचं पाणी ठेवलं. आज टाकीभोवती पळापळ चाललेली तिने बघितली होती, छगनला शिव्या बसलेल्या ऐकल्या होत्या. मळीचा गोड-आंबूस वास सगळ्या तळावर होता. ती चुलीत पाचट सारत म्हणाली, "मुकादम म्हनतो, आत पानी हाय. पान्याला आसा वास येतो व्हय?"

"न्हाई येत."

"मग? फुटायची न्हाई ना ती? नातवंडं हायेत माझी हितं."

गर्जेमामांनी एकतीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कधी एका शब्दात दिलेलं नाही. त्यांच्या उत्तरात नेहमी 'जर' असतं, 'परमानं' असतं, खाली एक तळटीप असते.

"न्हाई," ते म्हणाले.

आणि मग राहवलं नाही, म्हणून सांगायला लागले: बघ दगडे, पान्याचा जोर आन मळीचा जोर, दहा मीटर आन सात मीटर, त्यो पाईप दिसतोय का तुला, त्या पायपाच्या वर मळी...

दगडाबाईने बशीत चहा ओतून त्यांच्यापुढे केला. "न्हाई म्हनलास ना? मग पी गप."